मीठ, कातळ आणि फणस : मालवण किनाऱ्याची घडण

१/ नाईलच्या पुराने दरवर्षी आणलेल्या काळ्या गाळावर प्राचीन इजिप्त पोसला गेला. मालवणच्या किनाऱ्याला असे दान लाभले नाही. गड, कर्ली या नद्या सह्याद्रीतून उतरून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि जांभ्याच्या सच्छिद्र कातळातून झिरपून वा माती घेऊन वाहून जातो. म्हणून भाताचे मुख्य पीक पावसाळी, आणि उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठलेला.

२/ जमिनीने हात आखडता घेतला, तेथे समुद्र धावून आला. भरतीचे पाणी उथळ आगरांत कोंडायचे, उन्हाने आटवायचे, की मीठ तयार. या मिठाने बांगडा खारवून ठेवला, की पावसात होड्या किनाऱ्यावर असतानाही नारळीपौर्णिमेपर्यंत घर चाले. घाटावर मात्र मीठ पिकत नाही. त्यामुळे बैलांचे तांडे मीठ घेऊन घाट चढत आणि धान्य घेऊन उतरत. मीठ हे कोकणाचे एक नगदी पीकच होते म्हणा ना!

३/ समुद्रातला खडकही कामी आला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला. तटबंदीचे कौतुक सारेच करतात. परंतु चहूकडे खारे पाणी असलेल्या त्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी नसत्या, तर तट कितीही भक्कम असून काय उपयोग होता?

४/ आता १६७१ कडे वळू. कुडाळ प्रांत पोर्तुगीजांच्या बारदेशाजवळचा. बारदेशात मीठ स्वस्त, म्हणून व्यापारी तिकडे वळू लागले आणि स्वराज्यातील संगमेश्वरकडचे मीठ पडून राहण्याची वेळ आली. तेव्हा शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र पाठविले. बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे वाहतुकीसह ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल, असा त्याचा आशय. या पत्रात आवेशापेक्षा हिशेब अधिक आहे. व्यापारी फिरले तर मिठाचे उत्पन्न बुडेल, ही त्यामागची चिंता. शेजारचे स्वस्त मीठ महागल्याची झळ कुडाळच्या गिऱ्हाइकाला बसली असणार, हेही विसरता येत नाही.

५/ आरमाराला लाकूड हवे, आणि आंबा-फणस तर कोकणात घरोघरी. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त यावर स्पष्ट बजावले आहे : ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, त्यांना हात लावू नये. एखादे जीर्ण झाड तोडायचेच, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन. फणसाचे झाड म्हणजे कुटुंबाची पिढ्यांची ठेव, हे त्या लेखणीला ठाऊक होते.

६/ १८१२ मध्ये करवीरकरांकडून मालवण इंग्रजांकडे गेले. पुढे इंग्रजी अमलातही मिठावर कर राहिला, पण त्याचा हेतू निराळा होता. संगमेश्वरचे आगर वाचविण्यासाठी नव्हे, तर सरकारी तिजोरीसाठी तो प्रत्येकाच्या चिमूटभर मिठावर बसला. मे १९३० मध्ये वेंगुर्ल्याजवळच्या शिरोडे गावी सत्याग्रही जमले आणि त्यांनी आगरातले मीठ विनापरवाना उचलले.