भाभांची वीस वर्षं आणि भिंतीवरचा मळ

८ ऑगस्ट १९५५. जीनिव्हा. अणुशक्तीच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांनी भरवलेली पहिली मोठी परिषद, आणि अध्यक्षपदाच्या खुर्चीत आपले होमी भाभा. वय फक्त पंचेचाळीस. अध्यक्षीय भाषणात त्यांनी एक भाकीत करून टाकलं: हायड्रोजन जोडून, म्हणजे सूर्यात चालतं त्या पद्धतीने, नियंत्रित ऊर्जा मिळवण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल. गंमत म्हणजे तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि रशिया तिघेही या विषयावर गुपचूप काम करत होते आणि जाहीरपणे कोणी चकार शब्द काढत नव्हतं. मुंबईहून आलेल्या माणसाने विषय चव्हाट्यावर आणला.

वीस वर्षं १९७५ साली संपली. वीज काही आली नाही. तेव्हापासून "फ्यूजन कायम वीस वर्षं लांब असतं" हा विनोद सुरू आहे आणि इंजिनियर मंडळी तो चहाच्या टपरीवरही ऐकवतात. मला तो विनोद आता थोडा आळशी वाटतो. कारण त्या वर्षांत लोक नेमकं काय करत होते हे शोधायला बसलो, तर मोठमोठे चुंबक आणि कोट्यवधी अंश तापमान यांच्या आड एक अगदी घरगुती काम दिसायला लागलं. साफसफाई! भांडं धुणं. फ्यूजनचा निम्मा इतिहास हा भांडं धुण्याचा इतिहास आहे, असं मी म्हणेन. (निम्मा हा आपला माझा अंदाज हं.)

आधी थोडं शास्त्र. हायड्रोजन एवढा तापवायचा की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हा झाला प्लाझ्मा. पुढे त्याला दहा-पंधरा कोटी अंशांपर्यंत न्यायचं. आमच्या वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की लोक हैराण होतात, तेव्हा या आकड्याची कल्पना करायचा प्रयत्नही सोडून द्या. असा प्लाझ्मा कुठल्याही भांड्याला टेकू द्यायचा नाही, म्हणून मेदूवड्याच्या आकाराच्या पोकळीत चुंबकीय क्षेत्राने तो अधांतरी धरायचा. रशियनांनी अशा यंत्राला नाव दिलं टोकामॅक.

पण अधांतरी म्हटलं तरी कडेचे थोडे कण भिंतीवर आदळतातच. ते भिंतीतले अणू उडवतात: लोखंड, कार्बन, टंगस्टन, जे काही असेल ते. शिवाय भिंतीला चिकटलेली पाण्याची वाफ असते, तिच्यातून ऑक्सिजन येतो. हे परके अणू प्लाझ्मात शिरले की घोटाळा सुरू. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, तो एकदा निघून गेला की विषय संपला. टंगस्टनकडे चौऱ्याहत्तर. कोट्यवधी अंशांतही ते सगळे सुटत नाहीत, आणि उरलेले इलेक्ट्रॉन प्लाझ्माची उष्णता घेऊन प्रकाश आणि क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर फेकत राहतात. आपण आत ऊर्जा ओततोय आणि ही मंडळी खिडकीतून फेकतायत, असा प्रकार. कार्बन-ऑक्सिजन शेकड्यात एखाद-दोन असले तरी यंत्र निभावून नेतं. टंगस्टन मात्र लाखात मोजके अणू गेले तरी खेळ खलास.

हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी आली की व्यापारी आधी मूठभर कापूस हातात घेऊन कचरा किती, ओल किती ते बघतो, भाव मग सांगतो. प्लाझ्मावाल्यांना हे शहाणपण यायला वीसेक वर्षं लागली. रशियनांच्या १९५५ च्या सुमाराच्या यंत्राचं भांडं चक्क पोर्सेलिनचं होतं. १९५८ मध्ये टी-१ हे पोलादी भांड्याचं यंत्र आलं, तरी ओतलेल्या ऊर्जेतली बहुतांश ऊर्जा अतिनील प्रकाशातून निसटत होती, कारण भिंती नीट भाजलेल्या नव्हत्या. पुढच्या टी-२ मध्ये त्यांनी आत धातूचं पातळ अस्तर घातलं आणि ते शेकडो अंशांपर्यंत भाजून काढायची सोय केली. शोध म्हणून हे कोणी मिरवत नाही. पण १९६८ मध्ये टी-३ यंत्राने जगाला चकित केलं, त्याच्यामागे हे भाजणं होतं. टी-३ ने एक कोटी अंशांचा दावा केला तेव्हा पश्चिमेत कोणाचा विश्वास बसेना, म्हणून ऐन शीतयुद्धात ब्रिटिशांची एक तुकडी आपलं लेसरचं सामान घेऊन मॉस्कोला गेली आणि १९६९ मध्ये तिने सांगितलं की रशियन खरं बोलतायत.

विश्वास न बसण्याचं कारणही याच मळात आहे. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिटनच्या झीटा यंत्रात फ्यूजन झाल्याचा मोठा गाजावाजा झाला. तापमान पन्नास लाख अंश. ते मोजलं कसं? तर प्लाझ्मात थोडा ऑक्सिजन, नायट्रोजन होता, त्यांच्या वर्णपटातल्या रेषा किती रुंद झाल्या यावरून. अणू जितका वेगाने धावतो तितकी रेषा रुंद. पण प्लाझ्माचे लोटच्या लोट घुसळत असतील तरीही रेषा रुंद दिसते, आणि तेच होत होतं. न्यूट्रॉनही खऱ्या उष्णतेचे नव्हते. मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला. म्हणजे मळ हाच थर्मामीटर होता, आणि त्याने फसवलं.

मळ प्रकाश देतो म्हणूनच तो ओळखता येतो, आणि या विद्येचं एक टोक आपल्या भागात आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण. सावली दख्खनवरून गेली. पटवर्धनांच्या जमखंडीला जॉन हर्शेल, गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन, असे लोक वर्णपटमापक लावून बसले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये त्यांना चमकत्या रेषा दिसल्या, आणि पुढे त्यातल्या एका पिवळ्या रेषेवरून हेलियम ओळखला गेला. (विजयदुर्गावर "साहेबाचे ओटे" दाखवतात आणि तिथून लॉकियर साहेबाने हेलियम शोधला असं सांगतात. वाईट वाटतं सांगायला, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने ती रेषा ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच पाहिली.) पुढच्याच वर्षीच्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात एक हिरवी रेषा सापडली. कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून "कोरोनियम" नावाचं नवं मूलद्रव्यच मानून लोक मोकळे झाले. सत्तर वर्षांनी, १९४० च्या आसपास, एडलेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने दाखवलं की ते साधं लोखंडच आहे, फक्त तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं. कुठल्या अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले यावरून तो कुठल्या तापमानात बसलाय हे कळतं. पुढे टोकामॅकवाल्यांनी नेमकं हेच हत्यार उचललं.

आता १९७५ कडे येऊ, भाभांची मुदत संपली ते साल. (भाभा तेव्हा हयात नव्हते, जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात गेले.) त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला पीएलटी हे नवं मोठं टोकामॅक सुरू झालं. प्लाझ्माची कड जिथे टेकते त्या लिमिटरला त्यांनी टंगस्टन वापरलं. बरोबरच वाटतं ना? सगळ्यात उशिरा वितळणारा धातू. झालं उलटंच. टंगस्टन थेट मध्यभागी जाऊन बसलं आणि प्लाझ्माचा मध्य कडेपेक्षा थंड झाला! भट्टीचा गाभा गार आणि कडा गरम. मग टंगस्टन काढून ग्राफाइट लावलं, आणि १९७८ च्या उन्हाळ्यात त्याच यंत्राने सहा कोटी अंशांपर्यंत मजल मारली. ग्राफाइट एकाएकी जगभर नायक झालं.

आपल्याकडे १९८२ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत प्लाझ्माचा कार्यक्रम सुरू झाला, १९८६ मध्ये गांधीनगरजवळ भाट गावी प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली. प्रेधिमन कृष्ण काव हे तिचे पहिले संचालक. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने तोशिबाकडून छोटं टोकामॅक विकत घेतलं होतं, भाटच्या लोकांनी स्वतः बांधायचं ठरवलं. १९८९ मध्ये "आदित्य" सुरू झालं. प्लाझ्माच्या वड्याची मोठी त्रिज्या ७५ सेंटीमीटर, छोटी २५. एक प्रयोग टिकतो सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा. तापमान चाळीस लाख अंशांच्या आसपास.

एका शनिवारी बसून मी आदित्यचं गणित केलं, ते इथे देतो. वड्याचं आकारमान साधारण एक घनमीटर भरतं. त्यात कण १ वर १९ शून्य इतके, म्हणजे सगळ्या हायड्रोजनचं वजन वीस मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. आता वड्याचा पृष्ठभाग बघा: सातेक चौरस मीटर. एखाद्या धातूवर वायूचा फक्त एक अणू जाडीचा थर बसला तर दर चौरस मीटरला साधारण १ वर १९ शून्य एवढे अणू मावतात. म्हणजे भिंतीवर एकच अदृश्य थर असेल, तरी त्यात अख्ख्या प्लाझ्माच्या सातपट माल आहे! पुसून, घासून, धुऊन झालेल्या, आरशासारख्या दिसणाऱ्या भिंतीवर. हे गणित केल्यावर भाभांच्या वीस वर्षांबद्दल हसू यायचं थांबलं. १९५५ च्या कुठल्याही कागदावरच्या हिशोबात ही भिंत नव्हती.

म्हणून आदित्यमध्ये प्रयोगाआधी सौम्य विद्युत विसर्ग चालवून भिंत घासत राहतात. हायड्रोजनचे कण हळूहळू भिंतीवर आपटत राहतात आणि चिकटलेला ऑक्सिजन, कार्बन सोडवून पंपाकडे धाडतात. त्यावर लिथियमचा लेप देऊन पाहिला, तर ऑक्सिजन आणि कार्बनच्या रेषा फिक्या पडल्या, कारण लिथियम ऑक्सिजनला धरून ठेवतो. प्रयोग सुरू झाला की खिडक्यांतून प्रकाश घेणारे तंतू एकेका रंगावर नजर ठेवतात: ६५६.३ नॅनोमीटर म्हणजे हायड्रोजन, ४६४.७ म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन, ६५०.० म्हणजे चार गमावलेला ऑक्सिजन. प्रोग्राम पडल्यावर आपण लॉग उघडतो, तसा प्लाझ्मा मध्येच कोसळला की हे लोक रेषा उघडतात.

त्या ६५०.० च्या रेषेवरचा त्यांचा २०१३ चा एक शोधनिबंध मला विशेष आवडला. ऑक्सिजन कडेवर कुठे किती चमकतो ते मोजून तो आत-बाहेर किती वेगाने पसरतो हे काढलं. नुसत्या कणांच्या टकरींनी जेवढा पसरायला हवा त्याच्या कैकपट वेगाने तो पसरत होता. म्हणजे त्याला कोणीतरी ढकलतंय, आणि तो ढकलणारा आहे प्लाझ्माचा स्वतःचा खळबळाट. याच यंत्रावर १९९२ मध्ये जाहीर झालं होतं की कडेचा खळबळाट एकसारखा नसतो, मध्येच उसळ्या मारतो. एकवीस वर्षांच्या अंतराने दोन निरीक्षणं एकमेकांना भेटली. एवढ्याशा यंत्रातून, वर्षानुवर्षं तीच खिडकी पुसत बसल्याशिवाय असं काही निघत नाही.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये आदित्यचा नवा अवतार आदित्य-यू चालू झाला. जुनं भांडं चौकोनी छेदाचं होतं, ते बदलून गोल केलं, कारण डायव्हर्टर बसवायला जागा हवी होती. डायव्हर्टर म्हणजे मोरी. चुंबकीय रेषा वळवून कडेचा प्लाझ्मा एका ठरावीक कोपऱ्यात नेऊन ओतायचा, मुख्य खोलीत घाण नको. ही कल्पना प्रिन्स्टनच्या लायमन स्पिट्झरला १९५१ मध्येच सुचली होती, म्हणजे भाभांच्या भाकिताच्याही आधी!

तर ग्राफाइट नायक झालं होतं. त्याचं काय झालं? इंग्लंडच्या जेट यंत्रात १९९७ मध्ये ड्यूटेरियम-ट्रिटियमचं खरं इंधन वापरून मोठे प्रयोग झाले, आणि लक्षात आलं की झिजलेला कार्बन कोपऱ्यांत थर धरतो आणि ट्रिटियम त्या थरात अडकून बसतो. ट्रिटियम किरणोत्सारी, दुर्मिळ, महाग. वीजघरात असा साठा कोणी चालू देणार नाही. शेवटी कार्बन उतरवून २०११ पासून जेटने बेरिलियमच्या भिंती आणि टंगस्टनचा डायव्हर्टर घेऊन काम सुरू केलं. त्याच भिंतींच्या आत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ६९ मेगाज्यूलचा विक्रम झाला आणि डिसेंबरमध्ये यंत्र कायमचं बंद झालं.

टंगस्टन परत आलं ते कसं? जर्मनीच्या ॲसडेक्स अपग्रेडने २००७ पर्यंत आतली सगळी भिंत टंगस्टनची केली होती आणि दाखवलं होतं की मोरीजवळचा प्लाझ्मा पुरेसा गार ठेवला तर तो टंगस्टनला ओरबाडू शकत नाही. आणि गार ठेवायचा कसा? मुद्दाम मळ घालून :-) कडेला नायट्रोजन किंवा निऑन सोडायचा. तो चमकतो, उष्णता चारी बाजूंना विखरून टाकतो, गाभ्याला फारसा हात लावत नाही. म्हणजे ज्याला साठ वर्षं हाकललं त्याला आता मोजूनमापून आत घेतात. आदित्य-यू मध्येही निऑन आणि आर्गॉनच्या फुंकरी मारून तो वायू कुठे जातो हे बघण्याचे प्रयोग झाले आहेत.

फ्रान्समधल्या ईटर या आंतरराष्ट्रीय यंत्रात भारत डिसेंबर २००५ मध्ये सामील झाला, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर होते. ३,८५० टनांचं क्रायोस्टॅट नावाचं बाहेरचं महाकाय भांडं आपण दिलं. लार्सन अँड टुब्रोने त्याचे भाग हजिऱ्याला बनवले आणि तिथून ते जहाजाने गेले. ईटरची आतली भिंत बेरिलियमची ठरली होती. २०२४ च्या सुधारित आराखड्यात ती बदलून टंगस्टनची केली आणि संशोधनाचा मुख्य टप्पा २०३४ वर गेला. भिंत नुसती टंगस्टनची असली की ऑक्सिजन पकडायला काही उरत नाही, बेरिलियम ते काम आपसूक करत होतं. म्हणून नव्या आराखड्यात भिंतीवर अधूनमधून बोरॉनचा पातळ लेप चढवण्याची यंत्रणा घातली आहे. एवढं मोठं यंत्र, सातेकशे चौरस मीटर भिंत, आणि लेप दर काही आठवड्यांनी पुन्हा द्यायचा.