कागदावरून खोडलेला बाप

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात अमेरिकेतल्या वंशवादावर चर्चा सुरू होती. एक तरुण सहज बोलून गेला, "सगळा दोष गोऱ्यांचाच कसा, सर? त्यांच्यात बाप घरी थांबतच नाही म्हणे." मुलगा हुशार आहे, वाचणारा आहे. पण एकाही कृष्णवर्णीय कुटुंबाशी त्याची ओळख नाही. हे वाक्य त्याला सिनेमातून आणि मोबाइलवरच्या क्लिपांमधून आयते मिळाले होते.

मला त्याचा राग आला नाही. वाक्याची जात ओळखीची वाटली. 'मुसलमान आपली मुले मदरशातच घालतात' हे वाक्य आपण किती वर्षे ऐकतो आहोत! शाळेच्या वयाची जेमतेम तीन-चार टक्के मुस्लिम मुले मदरशात जातात, हे सच्चर समितीने 2006 मध्ये आकडेवारीसह मांडले. तरी ते वाक्य काही मेले नाही. अशी आयती वाक्ये एखाद्या समाजाचा अख्खा इतिहास गिळून टाकतात. म्हणून त्या दिवशी विषय थोडा वळवला आणि काही माणसांच्या गोष्टी सांगितल्या. त्याच इथे मांडतो आहे.

आधी कायदा पाहू. मूल गुलाम की स्वतंत्र, हे त्याच्या आईच्या दर्जावरून ठरेल, असा कायदा व्हर्जिनिया वसाहतीने 1662 मध्ये केला. इतर वसाहतींनीही तोच मार्ग धरला. गुलामांच्या लग्नाला कायद्यात काडीची किंमत नव्हती. मालकाच्या मर्जीनुसार नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या मळ्यावर आणि मुले लिलावात जात. साउथ कॅरोलायनात 1740 पासून गुलामाला लिहायला शिकवणे गुन्हा होता, 1834 मध्ये वाचायला शिकवण्यावरही बंदी आली. म्हणजे हा बाप घर सोडून गेला नव्हता. कायद्याने त्याला कागदावरून खोडले होते.

असाच एक खोडलेला बाप म्हणजे अब्दुल रहमान इब्राहिमा. आजच्या गिनी देशातल्या फुता जालोनच्या राजघराण्यातला, अरबी शिकलेला हा फुलानी मुसलमान 1788 मध्ये युद्धात पकडला गेला आणि मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझमध्ये विकला गेला. चाळीस वर्षे त्याने मळ्यावर राबून काढली. इझाबेला नावाच्या गुलाम स्त्रीशी त्याचे लग्न झाले, मुले झाली. त्याने अरबीत लिहिलेले एक पत्र मोरोक्कोपर्यंत पोहोचले, तिथल्या सुलतानाने शब्द टाकला आणि 1828 मध्ये त्याची सुटका झाली. इझाबेलाच्या सुटकेसाठी गावातल्या लोकांनी वर्गणी काढली. पण मुले मालकाकडेच राहिली.

साठी ओलांडलेला हा माणूस सरळ मायदेशी निघून जाऊ शकला असता. तो उत्तरेतली शहरे फिरला आणि मुलांना विकत घेण्यासाठी लोकांकडे पैसे मागत राहिला. कुणी ख्रिस्ती प्रार्थना अरबीत लिहून मागितली, तर त्याने सूरह फातिहा लिहून दिली. तो कागद आजही जपलेला आहे. 1829 मध्ये तो इझाबेलासह लायबेरियाला पोहोचला आणि काही महिन्यांतच वारला. आपले गाव त्याला पुन्हा दिसले नाही. मात्र त्याने जमवलेल्या पैशातून त्याची काही मुले-नातवंडे सुटून इझाबेलापर्यंत पोहोचली.

दुसरी गोष्ट रॉबर्ट स्मॉल्सची. साउथ कॅरोलायनात 1839 मध्ये गुलाम म्हणून जन्मलेला हा तरुण चार्ल्स्टन बंदरात जहाजावर काम करी. बायको हॅना आणि मुले यांची किंमत मालकाने 800 डॉलर सांगितली होती. त्याच्याजवळ जमले होते जेमतेम 100. यादवी युद्ध सुरू होते. 13 मे 1862 च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना, त्याने आणि त्याच्या कृष्णवर्णीय सोबत्यांनी 'प्लँटर' हे लष्करी जहाज बाहेर काढले. वाटेत बायका-मुलांना घेतले. कप्तानाची हॅट घालून, किल्ल्यांना ठरलेले इशारे देत त्याने ते जहाज थेट लिंकनच्या आरमाराच्या हवाली केले.

स्मॉल्स लिहा-वाचायला शिकला तो त्यानंतर. 1868 मध्ये साउथ कॅरोलायनाची नवी राज्यघटना लिहिणाऱ्यांत तो बसला आणि सर्व मुलांसाठी मोफत सार्वजनिक शाळांचा आग्रह त्याने धरला. पुढे तो अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेला. ज्या मालकाच्या आवारात तो जन्मला, तेच घर त्याने विकत घेतले. 1895 मध्ये त्याच राज्यात कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणारी घटना आली. म्हातारा स्मॉल्स तिच्याविरुद्ध उभा राहून बोलला, पण हरला. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर इतिहासाची परीकथा होते.

हे एकट्यादुकट्याचे धाडस नव्हते. युद्ध संपल्यावर हजारो माणसे मळ्यामळ्यांतून पायपीट करत विकलेल्या बायका-मुलांना शोधत फिरली. हरवलेल्या आईचा, भावाचा, लेकराचा ठावठिकाणा विचारणाऱ्या जाहिराती कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत पुढे कित्येक वर्षे छापल्या जात होत्या. जोडप्यांनी आपली जुनी लग्ने सरकारदरबारी नोंदवून घेतली. सव्हाना शहरात 1865 च्या सुरुवातीलाच कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी वर्गणी काढून शाळा उघडल्या. त्यातली एक भरली ती गुलामांच्या बाजाराच्या इमारतीत. जिथे बापासमोर मूल विकले जाई, तिथे आता बाप मुलाला फळ्यासमोर बसवत होता.

विसाव्या शतकात बुकर टी. वॉशिंग्टन यांनी शिकागोचे ज्यू उद्योगपती ज्युलियस रोझेनवॉल्ड यांना खेड्यांतल्या शाळांसाठी पैसे द्यायला राजी केले. अट एकच, गावानेही वाटा उचलायचा. 1932 पर्यंत अशा सुमारे 5,000 शाळा उभ्या राहिल्या. त्यात रोझेनवॉल्ड यांचे सुमारे 43 लाख डॉलर होते आणि गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्या-मजुरांचे सुमारे 47 लाख! कुणी लाकूड दिले, कुणी श्रम दिले, कुणी शेताचा एक तुकडा शाळेच्या नावाने राखून त्यातला कापूस विकला. बायकांनी जेवणे रांधून, विकून पैसे उभे केले. ही माणसे सरकारला करही भरत होती. मुलांच्या शिक्षणाची किंमत त्यांनी दोनदा मोजली.

महात्मा फुल्यांना ही लढाई इथे पुण्यात बसून कळली होती. 1873 मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. त्यांनी दूरच्या समाजाकडे पाहिले ते त्यातून आपल्या माणसांसाठी काही शिकता यावे म्हणून. आपण मात्र त्याच समाजाबद्दलची उष्टी वाक्ये उचलतो.

आजच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत प्रश्न नाहीत, असे मी म्हणत नाही. तुरुंग, बेकारी, मोडलेली घरे, सगळे आहे. आपल्या मोहल्ल्यांतही आहे. पण प्रश्नाला स्वभाव म्हटले की ज्याने घर मोडले तो सुटतो आणि ज्याने उभारले तो विसरला जातो.

तो तरुण शेवटी म्हणाला, "सर, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." मी त्याला विचारले, "तुझ्या मोहल्ल्यातली उर्दू शाळा कुणी बांधली, ठाऊक आहे?" तो गप्प झाला. पुढच्या बैठकीला तो माहिती आणणार आहे: जागा कुणी दिली, पत्रे कुणी घातले, पहिल्या मास्तरांचा पगार कुणाच्या खिशातून गेला.