भीमाकाठची शिळावर्तुळे : कादंबरीकार टेलरचे उत्खनन

कर्नल फिलिप मेडोज टेलर (१८०८-१८७६) साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे तो 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) आणि तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरील 'तारा' (१८६३) या कादंबऱ्यांचा लेखक म्हणून. भीमेच्या खोऱ्यातील त्याच्या उत्खननांकडे मात्र साहित्यविचाराने फारसे पाहिलेले नाही.

१८४१ पासून टेलर सुरपूर संस्थानाचा कारभार पाहत होता. पुरातत्त्वाचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्थापनाही १८६१ पर्यंत झालेली नव्हती. आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील जेवर्गी येथे त्याने शिळावर्तुळे खणली आणि अस्थी व मृद्भांडी यांची नोंद केली. वस्तू उचलून नेण्यावर न थांबता त्याने मातीच्या थरांचे उभे छेद रेखाटले. शतकानंतर मॉर्टिमर व्हीलरने या रेखाटनांचा गौरव केला, तो यामुळेच.

निरीक्षणाकडून अन्वयार्थाकडे वळताना मात्र टेलरची वाट बदलली. आयर्लंडमधील दगडी स्मारकांशी दिसलेल्या साम्यावरून त्याने दख्खनच्या दफनांना केल्टिक, ड्रुइडी किंवा सिथियन ठरविले. धडापासून विलग झालेल्या कवट्यांत त्याला नरबळी दिसला. मृताच्या अस्थी गोळा करून पुन्हा पुरण्याची, म्हणजे दुय्यम दफनाची प्रथा महापाषाणीय समाजांत होती. सांगाड्यांच्या विस्कळीतपणाचा तोही एक संभाव्य खुलासा आहे. नागपूरजवळच्या जुनापाणी येथे शिळावर्तुळे खणणारा सनदी अधिकारी रिव्हेट-कारनॅक यानेही दगडांवरील वाटीसारख्या खुणा युरोपातील खुणांशी ताडून पाहिल्या. त्या काळी साम्य म्हणजे नाते, आणि नाते म्हणजे स्थलांतर, असा हिशेब रूढ होता.

१९४७ मध्ये व्हीलरने ब्रह्मगिरी येथे महापाषाणीय दफने शेजारच्या वस्तीच्या थरांशी जोडली. त्याने दिलेला काळ पुढे मागे न्यावा लागला. पण दूरच्या साम्याऐवजी जागेवरचा क्रम हा पुराव्याचा पाया ठरला.

तौलनिक साहित्याभ्यासासाठी या इतिहासाचे मोल इथेच आहे. दोन परंपरांतील आकृतिबंध जुळले म्हणून प्रभाव सिद्ध होत नाही. प्रत्येक कृती आधी तिच्या स्वतःच्या थरांत वाचावी लागते. टेलरची तुलना कालबाह्य झाली, त्याचे छेद मात्र टिकले. कादंबरीकाराच्या कल्पनाशक्तीने जे गमावले, ते त्याच्याच हाताने काढलेल्या रेषांनी राखून ठेवले.