दीडशे डॉलरचं बीजगणित

ऑनलाइन शिक्षणाचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, आता कॉलेजं बंद पडणार, सगळं काही घरबसल्या शिकता येईल. दुसरी म्हणते, छे हो, फळा आणि खडू तो शेवटी फळा आणि खडूच. गंमत म्हणजे या वादाची एक चक्क मोजून-मापून परीक्षा झालेली आहे, तीही सिलिकॉन व्हॅलीच्या ऐन मध्यात आणि विषय होता बीजगणित! या गोष्टीबद्दल मराठीत फारसं कुठे वाचलं नाही, म्हणून हा वीकेंड त्यावर खर्च करतोय.

सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटी हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं असेल. तिथून एमएस केलेला एखादा तरी मित्र किंवा मित्राचा मित्र असतोच. १८५७ साली स्थापन झालेली ही संस्था अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं सर्वांत जुनं सरकारी विद्यापीठ मानली जाते. स्टॅनफर्ड तिथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, पण दोन्हीकडचे विद्यार्थी अगदी वेगळे. सॅन होजे स्टेटमध्ये येणारी बरीच मुलं नोकरी करून शिकणारी, काही तर घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच. हे विद्यापीठ 'कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी' या मोठ्या सरकारी व्यवस्थेचा भाग आहे. २०१३ मध्ये तिचे २३ कॅम्पस होते.

आता 'कॉलेज अल्जिब्रा' म्हणजे काय ते सांगतो. नाव भारदस्त असलं तरी मजकूर साधारण आपल्या अकरावीच्या आसपासचा. फंक्शन, बहुपदी, लॉगॅरिदम, समीकरणांच्या जोड्या वगैरे. पण तिथे तुम्ही पत्रकारिता घ्या नाहीतर मानसशास्त्र, पदवी हवी असेल तर कॉलेजच्या पातळीचा गणिताचा एक तरी कोर्स पास व्हावाच लागतो. आणि तिथवर पोचण्याआधी अजून एक उंबरठा होता. प्रवेशाच्या वेळी गणिताच्या चाचणीत कमी पडलात, तर आधी पाया पक्का करणारा एक कोर्स करायचा. त्याचे मार्क पदवीत धरले जात नाहीत, फी मात्र भरावी लागते. तो वर्षभरात पास झाला नाहीत तर विद्यापीठातून नाव कमी! म्हणजे इतिहासात हुशार असलेली मुलगी अपूर्णांकाच्या समीकरणापायी घरी. त्या काळात विद्यापीठाच्या प्रोव्होस्टनीच सांगितलं होतं की निम्म्याहून अधिक नवे विद्यार्थी या किमान पातळीला पोचत नाहीत.

त्यात २००८ च्या मंदीनंतर कॅलिफोर्नियाने शिक्षणाचे पैसे कापले होते. तिथल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांमध्ये कोर्सच्या वेटिंग लिस्टवर २०१२ मध्ये ४ लाख ७० हजारांहून जास्त विद्यार्थी होते. आपल्याला रेल्वेची वेटिंग लिस्ट माहीत आहे, ही शिक्षणाची होती.

अशा वेळी सेबॅस्टियन थ्रन रंगमंचावर आले. हा माणूस साधासुधा नाही. मूळचा जर्मन, स्टॅनफर्डचा प्राध्यापक. त्यांच्या टीमच्या 'स्टॅनली' या गाडीने २००५ साली ड्रायव्हरशिवाय वाळवंटातली शर्यत जिंकली होती आणि पुढे गूगलच्या स्वयंचलित गाडीमागेही हेच होते. २०११ मध्ये त्यांनी आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्टॅनफर्डचा कोर्स इंटरनेटवर फुकट उघडला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं आणि साधारण २३ हजारांनी तो पुरा केला. या प्रकाराला मूक म्हणतात. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून तयार झालेलं हे नाव, पण मराठीत त्याचा जो अर्थ होतो तो किती नेमका आहे हे पुढे कळेलच. :-) त्यानंतर थ्रननी 'उडॅसिटी' ही कंपनी काढली.

१५ जानेवारी २०१३ रोजी सॅन होजे स्टेटमध्ये पत्रकार परिषद झाली. गव्हर्नर जेरी ब्राऊन, विद्यापीठाचे अध्यक्ष मोहम्मद कयूमी आणि थ्रन तिघेही हजर. घोषणा अशी: तीन कोर्स ऑनलाइन मिळणार. पायाभूत गणित, कॉलेज अल्जिब्रा आणि प्राथमिक संख्याशास्त्र. प्रत्येकी साधारण १०० विद्यार्थी, फी फक्त १५० डॉलर आणि पास झाल्यावर विद्यापीठाचं खरंखुरं क्रेडिट. निम्म्या जागा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना, उरलेल्या बाहेरच्यांना. बाहेरच्यांत हायस्कूलची मुलंही होती. त्यातली काही ओकलंडच्या एका मिलिटरी पद्धतीच्या शाळेतली, जी ब्राऊन ओकलंडचे महापौर असताना त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली होती.

हेतूवर शंका घ्यायला जागा नाही, असं माझं मत. जो उंबरठा सर्वांत जास्त मुलांना अडवतो तोच त्यांनी निवडला. श्रीमंत घरातल्या पोरांना अजून एक फॅन्सी कोर्स असा हा प्रकार नव्हता. मार्चमध्ये तर तिथल्या सिनेटमध्ये एक विधेयकही आलं, की असे बाहेरचे ऑनलाइन कोर्स सरकारी कॉलेजांनी क्रेडिटसाठी मान्य करावेत. म्हणजे पायलट सुरू आहे तोवर प्रॉडक्शनची तयारी! आमच्या क्षेत्रात हे रोजचंच, त्यामुळे मला फार नवल वाटलं नाही.

कोर्स घाईत उभे राहिले. सत्र सुरू झालं तरी पुढचे धडे तयार होत होते. विद्यापीठाचे शिक्षक मजकूर लिहीत आणि उडॅसिटी चित्रीकरण करी. छोटे छोटे व्हिडिओ, मध्ये मध्ये प्रश्न, अडलं तर ऑनलाइन मदतीला माणसं. कागदावर सगळं चोख.

मग निकाल लागला. पायाभूत गणितात पास २३.८ टक्के. कॉलेज अल्जिब्रात २५.४ टक्के. संख्याशास्त्रात ५०.५ टक्के.

कॉलेज अल्जिब्राचा आकडा फोडून पाहिला तर आणखी चटका बसतो. विद्यापीठाचे स्वतःचे विद्यार्थी ४४ टक्के पास झाले आणि बाहेरचे फक्त १२ टक्के. त्याच वेळी वर्गात बसून हाच कोर्स करणारे ६४.७ टक्के पास झाले होते. जुलैमध्ये विद्यापीठाने हा कार्यक्रम थांबवला. ते विधेयकही त्याच उन्हाळ्यात बारगळलं.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. मुलं पळून गेली नव्हती. फुकटच्या मूक कोर्समध्ये शंभरातले दहा टिकले तरी खूप मानतात, इथे ८३ टक्के शेवटपर्यंत राहिले. म्हणजे आळशी होती, सोडून गेली, असं म्हणायची सोय नाही. राहिली आणि नापास झाली.

या प्रयोगाचा नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून एक अभ्यास झाला. तो वाचताना मला एखाद्या आउटेजनंतर लिहितात त्या रिपोर्टची आठवण झाली, कारण सिस्टिमचे लॉग होते आणि कोण कधी काय करत होतं हे दिसत होतं. त्यातला मुख्य निष्कर्ष: वय, वंश, विषय, मदत घेतली की नाही, या सगळ्यापेक्षा जड ठरली ती मेहनत. म्हणजे गणितांचे संच कोणी किती सोडवून दिले ती संख्या. इथवर वाचून आपल्याकडचा कुठलाही मास्तर म्हणेल, यासाठी अमेरिकेचे पैसे कशाला खर्च केले, मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं!

पण थांबा. मेहनत कोण करू शकतं? त्याच अभ्यासात आणि त्या वेळच्या बातम्यांत बाकीच्या गोष्टीही आहेत. शाळेतल्या काही मुलांकडे घरी धड कॉम्प्युटर किंवा इंटरनेट नव्हतं. मदतीची सोय आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं. पायाभूत गणितातली विद्यापीठाची मुलं आधी त्याच विषयात नापास झालेली होती. गणितात एकदा नापास झालेला मुलगा हात वर करत नाही, हे वर्गातही खरं असतं. पण वर्गात निदान मास्तरला त्याचा चेहरा दिसतो. व्हिडिओला चेहरा दिसत नाही. हा मुलगा कुठे अडला, का अडला, त्याला प्रश्न विचारायची लाज वाटतेय का, काही कळायला मार्ग नाही. मूक हे नाव मराठीत चपखल बसतं ते असं.

आता खरा कळीचा भाग. त्याच उन्हाळ्यात हे कोर्स पुन्हा घेतले आणि निकाल एकदम सुधारले! कॉलेज अल्जिब्रा ७२.६ टक्के, संख्याशास्त्र ८३ टक्के, दोन्ही वर्गातल्या निकालापेक्षा वर. बघा, दोन महिन्यांत बग काढले, असं म्हणणारे पुढे आले. कोर्समध्ये मधल्या काळात काही सुधारणा खरोखर झाल्याही होत्या. पण या वेळी प्रवेश सगळ्यांना खुला होता आणि आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांकडे आधीच पदवी होती.

आमच्या धंद्यातला पहिला धडा असा की कोड आणि इनपुट एकाच वेळी बदललं तर सुधारणेचं श्रेय कोडला देता येत नाही. इथे नेमकं तेच झालं. पदवीधर माणसाला बीजगणित शिकवून पास करणं आणि दोनदा नापास झालेल्या अठरा वर्षांच्या पोराला पास करणं ही दोन वेगळी कामं आहेत, जरी व्हिडिओ तेच असले तरी. आणि पुरावा त्याच निकालात होता: पायाभूत गणित सुधारलेल्या कोर्समध्येही २९.८ टक्क्यांवरच अडकलं. वर्गात तो निकाल ४५.५ टक्के होता. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला होता, ते जिथल्या तिथे.

मी स्वतः नोकरी सांभाळून तीन-चार ऑनलाइन कोर्स पुरे केलेत. छान होते. पण त्याच्या आधी माझ्यामागे बारावी, चार वर्षं इंजिनिअरिंग, सबमिशनच्या रात्री आणि अडलं की दार वाजवायला शेजारच्या खोलीतला मित्र एवढं सगळं होतं. शिकायचं कसं हे शिकून झाल्यावर मी त्या कोर्सला बसलो. त्यामुळे मला जमलं म्हणून कोर्स सर्वांसाठी चांगला, हे विधान करायचा अधिकार मला नाही. थ्रन यांच्या पहिल्या कोर्सच्या २३ हजार यशस्वी लोकांतही बहुतेक माझ्यासारखेच असणार, असा माझा अंदाज.

म्हणून काय ऑनलाइन शिक्षण वाईट? मुळीच नाही. त्याच विद्यापीठात, २०१२ च्या शेवटच्या सत्रात, इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या कोर्ससाठी एमआयटीचे व्हिडिओ वापरले होते. पण तिथे मुलं व्हिडिओ घरी बघायची आणि वर्गात येऊन शिक्षकासमोर गणितं सोडवायची. निकाल आधीच्या ५९ टक्क्यांवरून ९१ टक्क्यांवर गेला. एकाच वर्गाचा आकडा आहे, त्यावर इमले बांधू नयेत आणि ती इंजिनिअरिंगची मुलं होती हेही विसरू नये. तरी फरक दिसतो: तिथे व्हिडिओ शिक्षकाच्या जागी आला नाही, त्याने शिक्षकाचा वेळ मोकळा केला.

पुढे काय झालं? थ्रन यांनी २०१३ च्या नोव्हेंबरमध्येच एका मासिकाला दिलेल्या मुलाखतीत आपला माल चांगला नव्हता, असं मोकळेपणी मान्य केलं आणि उडॅसिटी नोकरदारांच्या प्रशिक्षणाकडे वळली. म्हणजे ज्यांना जमतं त्यांच्याकडेच. २०२४ मध्ये ती ॲक्सेंचरने विकत घेतली.

आणि तो उंबरठा? तो व्हिडिओने ओलांडला गेला नाही, शेवटी तोच काढावा लागला. ऑगस्ट २०१७ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने प्रवेशाची ती गणिताची चाचणी आणि क्रेडिट नसलेले पायाभूत कोर्स रद्द करायचं ठरवलं. २०१८ पासून मुलं थेट क्रेडिटच्या कोर्सला बसू लागली, कच्च्या मुलांना त्याच्याच जोडीला जादा तास. कम्युनिटी कॉलेजांसाठी तशाच धर्तीचा कायदा त्याच २०१७ साली झाला. त्यावर सही करणारे गव्हर्नर पुन्हा जेरी ब्राऊनच!

या सगळ्यावरून मी माझ्यापुरता एक नियम केलाय. नवीन ॲप येवो, नवीन प्लॅटफॉर्म येवो, किंवा बीजगणित शिकवणारा चॅटबॉट येवो, '९० टक्के मुलं पास' अशी जाहिरात दिसली की मी पहिला प्रश्न विचारतो, परीक्षेला बसलं कोण होतं? त्या मुलांत आधी नापास झालेली किती होती? याचं उत्तर जाहिरातीत नसेल, तर तो आकडा कोर्सचा नसून मुलांचा आहे असं समजायचं.