होन्नावरच्या शेतातून सांगलीच्या वाड्यापर्यंत

दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपल्या शाळेच्या सभागृहात विष्णुदास भावे यांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण केला जातो. १८४३ साली याच दिवशी सांगलीत श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ हे नाटक झाले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला, ही माहिती एखादा विद्यार्थी पाठ म्हणून दाखवतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमानंतर सातवीतील एका मुलीने मला विचारले, “बाई, पण त्याआधी भाव्यांनी नाटक पाहिले कुठे?” तिच्या घरी कन्नड बोलतात. मी तिला सांगितले की कर्नाटकातून एक भागवत मंडळी सांगलीला आली होती, तिचा खेळ त्यांनी पाहिला. उत्तर खोटे नव्हते. पण अपुरे होते. ती मंडळी कोणत्या गावाची, वर्षाच्या कोणत्या ऋतूत ती खेळ करी, तिच्या गावात त्या खेळाला काय स्थान होते, हे मला त्या वेळी सांगता आले नाही. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

१८४२च्या सुमारास सांगलीस आलेले ते खेळिये उत्तर कन्नड जिल्ह्यातील, बहुधा होन्नावरजवळच्या कर्की गावच्या मेळ्याचे होते, असे कन्नड अभ्यासक मानतात. होन्नावर हे शरावती नदीच्या मुखावरचे लहानसे बंदर. वरच्या अंगाला घाटात जोगचा धबधबा, खाली खाडी आणि माडांच्या रांगा. कोकण रेल्वेने जाणाऱ्या प्रवाशाला हे गाव आठवते ते तिथल्या दोन किलोमीटरांहून लांब पुलामुळे. चौदाव्या शतकात इब्न बतूता येथे आला तेव्हा त्याने या गावात मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा पाहिल्याची नोंद केली, आणि असे आपण अन्यत्र कोठे पाहिले नाही असेही लिहिले. मुख्याध्यापिकेच्या लेखणीतून ही नोंद सुटणे शक्य नव्हते, म्हणून विषयांतराचा दोष पत्करून ती येथे दिली.

या किनाऱ्यावरचे वर्ष पाऊस विभागतो. ज्येष्ठात समुद्र खवळतो, होड्या वर ओढल्या जातात. आज तर १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची मासेमारी बंदी कायद्यानेच आहे. शेतात गुडघाभर पाणी असते. भात कापून झाले, जमीन वाळली, की त्याच मोकळ्या शेतात चार खांब रोवून, आंब्याच्या पानांची तोरणे बांधून रंगमंच उभा राहतो. म्हणून या खेळाचे लोकांतले नाव ‘बयलाट’ म्हणजे मैदानातला खेळ. कार्तिकाच्या सुमारास मेळे बाहेर पडतात आणि वैशाख संपता संपता घरी परततात. पुष्कळ खेळ नवसाचे असतात. मूल झाले, दुखणे बरे झाले, की माणूस देवाला नैवेद्याबरोबर एक खेळही बोलतो. खर्च त्याचा, पाहणारे मात्र सारे गाव.

याच कोरड्या महिन्यांत बाकीचे उत्सवही येतात. महाशिवरात्रीला गोकर्णाचा रथ निघतो. फाल्गुनात हालक्की वोक्कलिग समाजाचे पुरुष फुलांनी मढवलेली उंच पागोटी घालून, घुमटाच्या तालावर दारोदार ‘सुग्गी’ नाचतात. सुग्गी म्हणजे सुगी. कोकणातला शिमगा ज्याने पाहिला आहे त्याला हा नाच परका वाटणार नाही.

बयलाटाचे, म्हणजेच यक्षगानाचे, शास्त्र मात्र स्वतंत्र आहे. मंचाच्या मागे भागवत टाळ घेऊन उभा अथवा बसलेला असतो. तो पद्य गातो, मद्दळे आणि चंडे ही वाद्ये साथ देतात, आणि पात्रे त्या पद्याचा अर्थ आपल्या शब्दांत तिथल्या तिथे बोलतात. लिहिलेले असते ते पद्य. संवाद लिहिलेला नसतो. खेळाच्या आधी ‘चौकी’त, म्हणजे रंगपटात, गणपतीची पूजा होते. मग कोडंगी आणि बालगोपाल येतात. ही पात्रे शिकाऊ मुलांकडे असतात. प्रेक्षक अजून जमत असतात, चुकले तरी कोणी रागावत नाही, आणि मूल पायांत चाळ बांधून रात्रभर थोरांचे काम पाहते. अध्यापनशास्त्राच्या ग्रंथांत मी याहून शहाणी योजना क्वचितच वाचली आहे. पुढे अर्ध्या पडद्याआडून मुख्य पात्रांचे दरबारी आगमन होते. राक्षस प्रवेश करतो तेव्हा दिवट्यांवर राळ फेकतात, ज्वाळा उसळते, आणि त्याची आरोळी शेताच्या पार टोकाला बसलेल्या म्हातारीलाही ऐकू जाते.

आता भावे यांच्या नाटकाचे रूप आठवावे. सूत्रधार पद्ये गातो. गणपती येतो, मोरावर बसून सरस्वती येते. विदूषक मध्येमध्ये बोलतो. पात्रे पद्यांना धरून उत्स्फूर्त भाषणे करतात. राक्षस आरडाओरडा करीत रंगभूमीवर धावून येतात. या आरोळ्यांमुळेच पुढच्या पिढीने त्या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले. हा सांगाडा कोठून आला, याविषयी मराठी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोकणातील दशावतारातही गणपती-सरस्वती आहेत, आणि तंजावरच्या शाहजी राजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटके रचली होती, हेही खरे. पण तंजावरची नाटके भाव्यांनी पाहिली असल्याचा पुरावा नाही; कर्नाटकातील मंडळींचा खेळ सांगलीत झाला आणि तो पाहूनच चिंतामणरावांनी असे खेळ मराठीत करण्याची आज्ञा केली, ही गोष्ट सर्वमान्य आहे.

ही हकीकत सांगताना आपली पुस्तके एक वाक्य हमखास जोडतात : तो खेळ ओबडधोबड होता, म्हणून महाराजांनी तो सुधारून करावयास सांगितला. या ‘ओबडधोबड’ शब्दाशी माझे भांडण आहे. शेतात, दिवट्यांच्या उजेडात, हजार माणसांसाठी घडलेला खेळ वाड्याच्या चार भिंतींत आणला, तर चंडेचा आवाज कानठळ्या बसवणारच. दुरून दिसावा म्हणून चढवलेला रंग जवळून भडक वाटणारच. शिवाय भाषा ऐकणाऱ्यांना परकी. ज्या खेळाचा प्राण उत्स्फूर्त संवादात आहे, त्याचे संवादच न समजणाऱ्याने त्याला गावंढळ ठरवणे हा मला न्याय वाटत नाही. भाव्यांची प्रतिभा मोठी, याबद्दल शंका नाही. परंतु त्यांनी ओबडधोबड वस्तू घासून गुळगुळीत केली असे म्हणण्यापेक्षा, मैदानाची कला त्यांनी दिवाणखान्यात आणि दुसऱ्या भाषेत रुजवली, असे म्हणणे अधिक खरे आहे. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, राजाश्रय सुटला, आणि भाव्यांनाही मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. म्हणजे अखेर तेही मेळ्याच्याच वाटेने गेले.

राज्यांच्या सीमा या प्रवासात अनेकदा बदलल्या. खेळिये सांगलीला आले तेव्हा होन्नावर मद्रास इलाख्यात होते. १८६२ मध्ये उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आला. १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला. खेळ मात्र तेथेच राहिला. १९३४ साली केरेमने शिवराम हेगडे यांनी होन्नावर तालुक्यात इडगुंजी महागणपती यक्षगान मंडळी स्थापन केली, आणि ती परंपरा त्यांच्या घराण्यात पुढे चालू राहिली. दिवट्या गेल्या, विजेचे दिवे आले. रात्रभराचे खेळ आता पुष्कळदा तीन तासांत आटोपतात. मला हे फारसे रुचत नाही. पण सकाळी सातला मुलांना शाळेत हजर राहायला सांगणाऱ्यांपैकी मीही एक आहे.

पावसाळ्याचे काय, हे सांगायचे राहिले. मैदान बंद झाले म्हणून कला बंद होत नाही. देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्याच्या ओसरीवर ‘ताळमद्दळे’ बसते. वेष नाही, नाच नाही. भागवत गातो आणि समोरासमोर बसलेले ‘अर्थधारी’ कृष्ण, कर्ण, भीष्म होऊन वाद घालतात. संवादात इंग्रजी शब्द येऊ द्यायचा नाही, हा यक्षगानाचा दंडक येथेही पाळतात. गेल्या आषाढात मी असा एक प्रयोग ऐकला. माझे कन्नड बाजारापुरते. निम्मे समजले नाही. शेजारी बसलेला शाळकरी मुलगा मात्र कर्णाच्या प्रत्येक उत्तराला मान डोलावत होता.

हीरक महोत्सवासाठी आपल्या मुलांनी ‘सीतास्वयंवर’ बसवले आहे. संवाद लिहून दिलेले नाहीत. पद्य सूत्रधार गाणार, बाकीचे मुले आपल्या शब्दांत बोलणार. रावणाच्या प्रवेशासाठी शेजारच्या कन्नड शाळेतून चंडे मागून आणली आहे. ती वाजवणार आहे त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा धाकटा भाऊ.