मसुरीच्या गवतात हरवलेला लावा

आजची गोष्ट एका पक्ष्याची आहे, पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

मागच्या पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेकला गेलो होतो. ओल्या गवतातून चालताना अगदी पायाखालून भुर्रकन पाच-सहा लावऱ्या उडाल्या. मी दचकलो, हसलो आणि पुढे गेलो. ना फोटो, ना नोंद. लावऱ्या काय, नेहमीच्याच की!

मसुरीच्या इंग्रजांनाही बहुतेक असंच वाटलं असेल.

१८४६ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांनी एका नव्या लाव्याचं वर्णन केलं. नर काळपट राखाडी, चोच लाल, डोळ्यापाशी पांढरे ठिपके. पण तो भारतात नेमका कुठे राहतो, हे कोणालाच सांगता येईना. उत्तर मिळायला १८६५ उजाडलं. मसुरीमागच्या बेनोग आणि बद्रज टेकड्यांच्या मधे एका शिकाऱ्याने जोडी टिपली. १८६७ च्या नोव्हेंबरात मसुरीच्या खाली झरीपाणीला एक थवा दिसला आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथंच रमला. मग डिसेंबर १८७६, नैनितालची शेर-का-डांडा टेकडी, आणखी एक गोळी. बस्स. त्यानंतर आजपर्यंत एकही पक्की नोंद नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून याचे जेमतेम दहा-बारा नमुने उरलेत.

आता गंमत बघा. हा डोंगरउतार भरपूर पावसाचा. लाव्यांची घरटी जमिनीवर असतात. पिल्लांच्या अंगावर नुसती लव असते. ती भिजली की पिल्लू गारठून मरतं. म्हणून गवताचं दाट छप्पर लागतं, आणि पाणी वाहून जाईल असा उतार बरा पडतो. शिवाय पावसात किडे भरपूर, म्हणजे पिल्लांचं खाणं तयार. हिमालयातल्या या लाव्याचं घरटं मात्र कोणालाच कधी सापडलं नाही. शिकारी यायचे ते पाऊस सरल्यावर, बंदूक घेऊन. गवत छातीएवढं वाढायचं तेव्हा तिकडे फिरकायचं कोण? हा पक्षी तर पाय पडेपर्यंत उडायचाच नाही!

ॲलन ह्यूम आठवतात? १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यामागचे ह्यूम. भारतातले मोठे पक्षी-अभ्यासकही तेच. मार्शल यांच्यासोबतच्या शिकारी पक्ष्यांवरच्या ग्रंथात त्यांनी या लाव्याला जागा दिली. पण तोवर शेवटची नोंद होऊनही गेली होती.

गवत जळालं, चरलं गेलं की शिकारीनेच घात केला? ठरवायला पुरेशा नोंदीच नाहीत. हा पक्षी आजही कागदावर ‘नामशेष’ नाही, ‘अतिसंकटग्रस्त’ आहे.

मला टोचतं ते हेच. त्यांच्याकडे बंदूक होती, तरी निदान चार ओळी लिहून ठेवल्या. माझ्या खिशात कॅमेरा होता, आणि मी नुसताच हसलो.

तर यंदा पावसात पायाखालून काही भुर्रकन उडालं, तर थांबा. जागा आणि तारीख लिहा. गवत तुडवत मागे मात्र जाऊ नका. आत पिल्लं असतील.

भेटूया पुढच्या भागात!