पोथ्या मागावयास आलेले पाहुणे

पानदुऱ्याच्या १८७३ सालच्या वादाचे नाव आमच्या वाचकांस अपरिचित नसेल. सिंहलद्वीपातील या वादात भदन्त मिगेट्टुवत्ते गुणानंद थेरांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांस निरुत्तर केले, एवढे सांगून आपल्याकडील लेखक बहुधा थांबतात. आम्हांस मात्र त्यापूर्वीची साठ वर्षे अधिक विचार करावयास लावतात.

वेस्लियन पंथाचे मिशनरी १८१४ साली गॉल बंदरात उतरले. त्यांनी प्रवचनासाठी जागा मागितली, तर विहाराची धर्मशाळा मोकळी करून देण्यात कित्येक भिक्खूंना काही गैर वाटत नसे. ते ताडपत्रावरील पोथ्या वाचावयास देत, पालीही शिकवीत. ही रीत जुनीच होती. निगण्ठांचा उपासक उपालि शरण आला, तेव्हा त्याच्या दारी येणाऱ्या निगण्ठांस पूर्ववत दान देत जाण्यास भगवंतांनी त्याला सांगितले, हे मज्झिमनिकायात आलेच आहे. पाहुण्यांना मात्र या सौजन्यात धर्माविषयीची उदासीनता दिसली.

या पाहुण्यांत डॅनियल गॉगर्ली यांची योग्यता निराळी होती. १८१८ साली ते मिशनचा छापखाना चालविण्यासाठी आले आणि १८६२ साली त्याच बेटावर वारले. पाली शिकून त्यांनी धम्मपदाचा काही भाग व पातिमोक्ख इंग्रजीत उतरविले. युरोपात पालीचे अध्ययन बाल्यावस्थेत असतानाची ही गोष्ट. त्यांच्या व्यासंगाचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु त्या व्यासंगाचे फळ काय? १८४९ साली त्यांनी सिंहली भाषेत ‘क्रिस्तियानि प्रज्ञप्ति’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या परंपरेच्या पोथ्यांवर ते पाली शिकले, तिच्याच खंडनासाठी तो लिहिलेला होता. शेजाऱ्यावर प्रेम करावे ही येशूची शिकवण खोटी नव्हे. पण शेजाऱ्याचे घर आतून पाहावयाचे ते त्यातील दोष टिपण्यासाठी, यास प्रेम म्हणावे काय?

शिवाय या प्रेमाच्या पाठीशी राजसत्ता उभी होती. डचांच्या अमदानीपासून जन्माच्या व विवाहाच्या नोंदी चर्चच्या हाती होत्या आणि इंग्रजी अमलातही ही स्थिती बराच काळ टिकली. वारसाहक्कासाठी माणसे बाप्तिस्मा घेत आणि पौर्णिमेस विहारात जात. १८६४ साली बौद्ध कुटुंबात जन्मलेल्या अनागारिक धर्मपालांचे मूळ नाव डेव्हिड होते, यावरून काय ते समजावे.

गुणानंद थेरांनी १८६२ साली कोलंबोत कोटहेना येथे धर्मप्रसारासाठी संस्था काढली, छापखाना घातला आणि मिशनऱ्यांचीच साधने हाती घेतली. पुढे २६ व २८ ऑगस्ट १८७३ या दोन दिवशी पानदुऱ्यास हजारो लोकांसमोर वाद झाला. आत्मा नाही, तर कर्माचे फळ भोगतो कोण, असे डेव्हिड डि सिल्वा यांनी विचारले. मानवास निर्मिल्याचा ईश्वरास पश्चात्ताप झाला असे बायबलच सांगते, मग तो सर्वज्ञ कसा, असा थेरांचा प्रतिप्रश्न होता. साधुकाराने मैदान दुमदुमले. थेरांचा विजय आम्हांस आनंद देतो. तथापि मैत्री त्या दिवशी कोणत्याच व्यासपीठावर फारशी नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

परिणाम मोठे झाले. वादाचा इंग्रजी वृत्तान्त वाचून कर्नल ऑल्कॉट १८८० साली तेथे आले व त्यांनी पंचशील ग्रहण केले. वादात थेरांच्या पाठीशी असलेल्या हिक्कडुवे सुमंगल महाथेरांनी १८७३ सालीच विद्योदय पिरिवेण स्थापिले. तेथेच १९०२ साली गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली शिकावयास गेले आणि त्यांच्या लेखणीतून बुद्ध मराठी घरांत पोहोचला.

हा प्रश्न आमच्यापासून दूरचा नाही. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व जालना भागात आमच्याच आप्तांची काही घरे ख्रिस्ती झालेली आहेत. एकाच वस्तीत चर्च आहे, विहार आहे. सोयरीक आहे, अबोलाही आहे. धम्म सांगावयास निघालेल्या आमच्या उपासकांनी त्या दारी कसे जावे?

सिंहलद्वीपाच्याच इतिहासात याविषयी आणखी एक प्रकरण आहे. मायकेल रॉड्रिगो हे कॅथलिक धर्मगुरू सेमिनरीतील अध्यापन सोडून १९८० साली उवा प्रांतातील बुत्तळजवळ, बौद्ध शेतकऱ्यांच्या गावी झोपडीवजा घरात राहावयास गेले. आरंभी भिक्खूंना संशय आला. त्यांचा पूर्वानुभव पाहता तो स्वाभाविकच होता. रॉड्रिगोंनी कोणास बाप्तिस्मा दिला नाही. शेतकऱ्यांची दुःखे ते समजून घेत राहिले, भिक्खूंकडे जात-येत राहिले आणि संशय हळूहळू ओसरला. पुढे धमक्या येऊ लागल्या, तरी त्यांनी गाव सोडले नाही. १० नोव्हेंबर १९८७ रोजी सायंकाळी, त्याच घरात प्रार्थना चालू असता, त्यांना गोळी घालण्यात आली.